मदत हवी आहे: हानामध्ये डेल्टा मर्जच्या वेळी मेमरी संपते

मंडळी, ओरॅकलवरून सॅप हानावर (डेटा रॅममध्ये ठेवणारा डेटाबेस) आणलेल्या सिस्टीमबद्दल विचारायचंय. सर्व्हरची रॅम 512 जीबी. डीफॉल्ट सूत्राने (पहिल्या 64 जीबीचे 90 टक्के, उरलेल्याचे 97) वापरायला मिळतात साधारण 492. रोजचा वापर 410 च्या आसपास.

एकच टेबल त्रास देतंय. मेन (टेबलाचा मुख्य, कॉम्प्रेस केलेला भाग) 96 जीबी, पार्टिशन (टेबलाचे तुकडे) नाही, ओळी 120 कोटी. महिनाअखेरच्या लोडमध्ये डेल्टा (नव्या नोंदी आधी जिथे जातात तो भाग) 14 जीबीपर्यंत फुगतो. मर्ज (डेल्टा मेनमध्ये मिसळणं) सुरू झाला की जुना मेन तसाच राहतो आणि शेजारी नवा पूर्ण मेन बांधला जातो, म्हणजे तेवढीच जागा पुन्हा लागते. मग दुसऱ्या टेबलांचे कॉलम अनलोड होतात (रॅममधून काढले जातात), तरी पुरत नाही, आणि मर्ज आउट ऑफ मेमरी होऊन पडतो. ओरॅकलमध्ये रॅम कमी पडली तर काम रखडायचं, पण निदान चालायचं!

ऑटोमर्ज बंद ठेवून लोड करून पाहिला. डेल्टाची डिक्शनरी (कॉलममधल्या वेगवेगळ्या मूल्यांची यादी) क्रमाने लावलेली नसते, कॉम्प्रेशनही बेताचंच. त्यामुळे रिपोर्ट रेंगाळले.

मर्ज पार्टिशनगणिक होतो, म्हणून आता पार्टिशन करणारच. प्रश्न असा: आर्थिक वर्षावर रेंज करावी (म्हणजे वर्षागणिक पार्टिशन; वर्ष प्रायमरी कीमध्ये आहे, जुन्या वर्षांना डेल्टाच येणार नाही), की दस्तऐवज क्रमांकावर 8 हॅश (ओळी आठ पार्टिशनमध्ये साधारण सारख्या वाटणं)? हॅशमध्ये आठही पार्टिशन एकदम मर्जला आले तर पुन्हा तेच, अशी धास्ती आहे. शिवाय खुद्द रीपार्टिशनलाही मेमरी लागणार. त्या रात्रीपुरतं काय काय अनलोड करून ठेवता?