मागच्या दाराला कायमचे लटकवलेले पेट्रोलचे कॅन: माझ्या मते काढून टाका

ऑफरोडसाठी गाडी तयार करायला घेतली की बरेच जण सगळ्यात आधी मागच्या दाराला दोन जेरीकॅनचे होल्डर ठोकतात आणि मग ते भरलेले कॅन वर्षभर गाडीवरच, रोज कामाला जाताना सुद्धा. मी पण दोन वर्षं हेच केलं, म्हणून बोलतोय.

२० लिटरचा लोखंडी कॅन रिकामा साधारण ४ किलो, पेट्रोल भरलं की १९ च्या आसपास, डिझेल असेल तर २१. मागचं दार आणि त्याच्या बिजागऱ्या फार तर स्टेपनीचं वजन धरून बनवलेल्या असतात, त्यावर अजून ४० किलो लटकवले आणि वर दोन दिवस नालीदार कच्च्या रस्त्याचे हादरे दिले तर काय होणार? तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडताना कर्र असा आवाज आला. वरच्या बिजागरीपाशी पत्र्याला बोटभर तडा. आणि खाली वाकून बघतो तर एका कॅनचा कोपरा होल्डरच्या कडेवर घासून घासून रंग गेलेला, पत्रा चकचकीत उघडा आणि तिथे ओल. बोट लावून वास घेतला, पेट्रोल! त्याच्या बरोबर खाली सायलेन्सरचं तोंड. हात थरथरायला लागले माझे.

माझं म्हणणं, आधी हिशोब करा. ६० लिटरची टाकी आणि रस्त्यावर १० चं अॅव्हरेज असेल तर वाळूत लो रेंजमध्ये (म्हणजे जास्त जोर पण कमी वेग देणाऱ्या गिअरमध्ये) निम्मं धरलं तरी ३०० किमी होतात. त्याच्या आत पुढचा पंप येत असेल तर कॅन कशाला? खरंच लागला तर त्या टप्प्यापुरता भरा आणि टाकीत जागा झाली की लगेच ओतून टाका.

प्रतिसाद १

असहमत. दादा, तुमचा अनुभव वाचून काळजी वाटली पण चूक कॅनची नाही, बसवण्याची आहे. दारावर काहीच लटकवायचं नसतं. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, बोल्ट केलेला मजबूत मागचा बंपर आणि त्यावर बाजूला उघडणारा वेगळा कॅरिअर, म्हणजे दारावर शून्य वजन. माझा असाच आहे, आठ वर्षं झाली, एक बेअरिंग बदललं बस्स.

आणि जेरीकॅन ही साधी वस्तू नाहीये. १९३० च्या दशकात जर्मन सैन्यासाठी बनवला तो. तीन मुठी, म्हणजे भरलेला कॅन दोघं मिळून उचलू शकतात, जोड आत दबलेला म्हणून आपटला तरी चट्कन उसवत नाही, आणि बाजूला जी फुलीसारखी खोबण असते तिच्यामुळे पत्र्याला फुगायला वाव मिळतो. त्याच काळातले ब्रिटिशांचे पातळ पत्र्याचे डबे आफ्रिकेच्या वाळवंटात इतके गळायचे की शेवटी त्यांनी हाच नमुना उचलला. होल्डरमध्ये जाड रबर टाका, रॅचेटचा (दांडा ओढून घट्ट करायचा) पट्टा प्रत्येक थांब्यावर आवळा, घासणार नाही.

हिशोबाचं म्हणाल तर पुढचा पंप कोरडा निघाला किंवा नदीला पाणी आलं म्हणून आल्या वाटेने परत फिरावं लागलं की ते ३०० किमी कुठे जातात कळत पण नाही.

प्रतिसाद २

धागाकर्त्याशी सहमत, +१. बंपर कितीही मजबूत असला तरी मागून कोणी ठोकलं तर पहिला मार कॅनलाच ना? डोंगरात कोण ठोकणार हे मान्य, पण डोंगरापर्यंत जायला हायवेच असतो.

प्रतिसाद ३

म्हणूनच टपावर ठेवा. सायलेन्सरपासून लांब, मागून धडकेची भीती नाही, पाझरलं तरी वास वाऱ्यावर जातो, आणि चढ उतरताना मागचा बंपर टेकत पण नाही.

प्रतिसाद २

दादा, टपाचं गणित एकदा कराच. दोन टनाची गाडी, गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंमी धरा. टपावर दोन मीटर उंचीवर चार कॅन म्हणजे ८० किलो ठेवले की तो जवळपास ५ सेंमी वर जातो. सपाट रस्त्यावर काहीच जाणवत नाही, पण आडव्या उतारावर जिथे गाडी आधीच एका अंगाला कललेली असते तिथे पोटात गोळा येतो. शिवाय चालत्या गाडीत टप किती किलो झेलतो ते मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं, त्यात रॅकचं वजन पण धरायचं, हे बहुतेक जण विसरतात.

प्रतिसाद ४

मी कॅन डिकीत ठेवते, पट्ट्याने घट्ट बांधून. वजन खाली राहतं, ऊन लागत नाही. काय चुकतंय?

प्रतिसाद १

ताई, पेट्रोल असेल तर प्लीज नको. त्याची वाफ हवेपेक्षा जड, ती जमिनीलगत साचते आणि उणे ४० अंशाला सुद्धा पेटण्याइतकी वाफ निघत असते. डिझेलचं तसं नाही, ते ५० अंशाच्या वर गेल्याशिवाय तेवढी वाफ सोडत नाही, तरी वासाने डोकं उठतंच. आणि रिकामा झालेला पेट्रोलचा कॅन आत टाकणं तर अजून वाईट, कारण त्यात आता वाफ आणि हवा दोन्ही असतात.

अजून एक, काठोकाठ भरू नका. तापमान ३० अंशांनी वाढलं की २० लिटर पेट्रोल अर्धा लिटरच्या वर फुगतं. भरताना कॅन गाडीवरून उतरवून जमिनीवर ठेवायचा आणि नोझल तोंडाला टेकवून धरायचा, स्थिर विजेची ठिणगी पडायला एक क्षण पुरतो.

प्रतिसाद ५

एवढं सगळं करण्यापेक्षा चासीच्या मध्ये जादा टाकी बसवा की. वजन खाली, ओतायची कटकट नाही.

धागाकर्ता

टाकीचा विचार केला होता, पण एकदा पाणी मिसळलेलं इंधन भरलं गेलं तर सगळंच नासतं, कॅनमधलं निदान वेगळं राहतं आणि अडकलेल्या दुसऱ्या गाडीला देता पण येतं. प्रतिसाद १ वाल्या दादांचा चासीवरच्या कॅरिअरचा मुद्दा मात्र पटला, लांबच्या टप्प्यासाठी तोच करून घेईन. पण घरी आल्यावर कॅन खाली, यावर मी ठाम आहे. दारावरचा होल्डर काल काढला, बोल्टच्या चार भोकांपैकी दोन लंबुळकी झाली होती. आता आधी त्या तड्याचं वेल्डिंग.