प्राण्यांना अर्थ कळतो, की नुसती खूण?

पाऊलखूण
गवताच्या पात्यावर टपून बसलेली गोचीड डोळ्यांपुढे आणा. तिला स्वतःला डोळे नाहीत. याकोब फॉन उक्सक्युल या जीवशास्त्रज्ञाने १९३४ मध्ये तिच्या जगाचं वर्णन केलं. जनावराच्या अंगाचा ब्युटिरिक आम्लाचा वास आला की ती खाली पडते, ऊब लागली की जागी पोचलो हे तिला कळतं, आणि केस नसलेली कातडी सापडली की तोंड खुपसते. बाकी जंगल तिच्या लेखी नाहीच. माझं म्हणणं एवढंच, की अर्थ बाहेर पडलेला नसतो, ज्याने त्याने आपल्या गरजेतून तो घडवलेला असतो. आपलंही तेच, फक्त खुणांची यादी लांब.

तर्कटी
मग थर्मोस्टॅटलाही, म्हणजे तापमान बघून यंत्र चालू-बंद करणाऱ्या खटक्यालाही, ऊब ‘कळते’ म्हणा की! ऑस्ट्रेलियात एका जातीचे नर भुंगेरे चकचकीत तपकिरी बिअरच्या बाटल्यांवर मादी समजून चढतात. १९८३ मध्ये दोन कीटकशास्त्रज्ञांनी हे नोंदवलं. मुंग्या चावत होत्या तरी एक नर बाटली सोडेना. याला अर्थ कळणं म्हणायचं?

गोगलगाय
उदाहरण तुमच्यावरच उलटलं. थर्मोस्टॅट बिघडतो, चुकत नाही. भुंगेरा चुकला असं तुम्हीच म्हणताय, म्हणजे तो काहीतरी शोधत होता.

तर्कटी
‘चूक’ हा शब्द तुमचा-माझा. भुंगेऱ्याला त्याचा पत्ताच नाही. चूक सुधारणारा प्राणी दाखवा, मग बोलू.

पाऊलखूण
आफ्रिकेतली व्हर्व्हेट माकडं घ्या. बिबट्या, गरुड, साप, प्रत्येकासाठी हाक वेगळी. सायफर्थ, चेनी आणि मार्लर या संशोधकांनी आसपास शत्रू नसताना त्यांना या हाकांची रेकॉर्डिंग ऐकवली आणि १९८० मध्ये निष्कर्ष मांडले. बिबट्याची हाक ऐकून माकडं झाडावर पळाली, गरुडाची ऐकून आभाळाकडे पाहू लागली, सापाची ऐकून पायाखालच्या गवतात. पिल्लं तर निरुपद्रवी पक्ष्यालाही गरुडाची हाक देतात. मोठी होता होता हे कमी होत जातं. घ्या सुधारणा.

तर्कटी
हे वजनदार आहे, मान्य. पण काल येऊन गेलेल्या सापाबद्दल माकड आज काही सांगत नाही. मी अर्थ म्हणतो तो हा, समोर नसलेल्याचा.

गोगलगाय
मधमाशी अंधाऱ्या पोळ्यात नाचून दूरच्या फुलांची दिशा नि अंतर सांगते. हे उलगडणाऱ्या कार्ल फॉन फ्रिशना १९७३ चं नोबेल मिळालं. (त्याला ‘सांगणं’ म्हणायचं का, यावर वेगळं भांडू.)

अर्धविराम
इतका वेळ नुसतं वाचत होतो. बर्लिनचा हान्स घोडा कुणालाच कसा आठवला नाही? गणित घातलं की खूर आपटून उत्तर द्यायचा. १९०७ मध्ये ओस्कार फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने दाखवून दिलं, की विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल किंवा तो घोड्याला दिसत नसेल, तर हान्स फसतो. बरोबर आकडा आला की विचारणाऱ्याचं डोकं नकळत किंचित हलायचं, घोडा ते टिपून थांबायचा. तेव्हापासून ‘घोड्याला काही कळत नव्हतं’ असंच ऐकत आलोय. मला उलट वाटतं. त्या हालचालीचा अर्थ घोड्याला अचूक लागला होता. जमलेल्या शहाण्यांना आपलं डोकं हलतं हेसुद्धा ठाऊक नव्हतं.

तर्कटी
आणि बेरीज? ती त्याला येत नव्हतीच ना?

अर्धविराम
नव्हती. पण खाऊ मिळत होता.