टकटक करणारा लॅपटॉप: दुरुस्त करू की नवा घेऊ?

डीटीपीवाली
नमस्कार मंडळी. कराडला घरीच डीटीपीचं काम करते. लग्नपत्रिका, शाळांच्या प्रश्नपत्रिका, येईल ते. लॅपटॉप 2018 चा, आय-5 सेव्हन्थ जनरेशन, 8 जीबी रॅम, 1 टीबी हार्ड डिस्क. सकाळी चालू करून आंघोळ उरकून आले तरी गोल फिरतच असतो. मधेच टकटक आवाज येतो. डावी बिजागरी तुटलीय, स्क्रीनच्या मागे पाट उभा करून बसते. चार्जर काढला की वीस मिनिटांत बंद. दुकानदार म्हणतो, "मदरबोर्ड चाललाय मॅडम, 14 हजार लागतील, त्यापेक्षा नवाच घ्या." पेजमेकर (पानं मांडायचं सॉफ्टवेअर), श्री-लिपी (मराठी फॉन्ट) सगळं त्यातच. काय करू?

स्क्रूड्रायव्हर
ताई, आधी तो बंद करा. लॅपटॉपमध्ये सीडी ड्राइव्ह सोडला तर फिरणाऱ्या गोष्टी दोनच, पंखा आणि हार्ड डिस्क. टकटक सहसा पंखा करत नाही. डिस्क मरतेय, मदरबोर्डचा यात काही संबंध दिसत नाही. पुढच्या वेळी चालू कराल तेव्हा फक्त फायली बाहेर काढा, चालू कामाच्या आधी, फोटो नंतर. मग क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकटचं सॉफ्टवेअर टाकून बघा, पिवळं 'कॉशन' आलं तर खात्रीच. त्या डिस्कच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) बसते.
बॅटरी जुनी झाली असेल, पण टचपॅड वर उचलल्यासारखा दिसतोय का? तसं असेल तर ती फुगलीय, चार्जिंगला लावू नका, आधी काढून घ्या.

आळशी_मांजर
एसएसडी घाला हो, पण विंडोज 10 चा सपोर्ट (सुरक्षेचे अपडेट वगैरे) 14 ऑक्टोबर 2025 लाच संपला. विंडोज 11 ला किमान आठवी पास लागतं, तुमचा प्रोसेसर सातवीतच (एखाददुसरा अपवाद आहे, त्यात हा नाही). म्हाताऱ्याला कवळी बसवून काय उपयोग? नवा घ्या.

तिसरी_घंटा
विंडोज काढून लिनक्स मिंट टाका, पळेल.

स्क्रूड्रायव्हर
@तिसरी_घंटा पळेल, पण पत्रिका कोण करणार? पेजमेकर आणि श्री-लिपीचं डोंगल (यूएसबीला लावायची परवान्याची किल्ली) लिनक्सवर चालवत बसायचं म्हणजे ऐन लग्नसराईत नसती उठाठेव.

जुना_खिळाजुळारी
मी पण याच धंद्यातला. नवा मशीन घेतला तरी जुना टाकू नका. पेजमेकर 7 आलं 2001 मध्ये, अडोबीनं पुढे ते सोडूनच दिलं. आपल्या जुन्या फायली युनिकोडात (कुठल्याही फॉन्टमध्ये वाचता येणाऱ्या मराठीत) नाहीत, त्या फॉन्टशिवाय उघडल्या की नुसती गिचमिड दिसते. दहा वर्षांची गिऱ्हाइकं "मागच्या पत्रिकेसारखीच करा" म्हणत येतात, तेव्हा काय दाखवणार?
डिस्क अजून वाचता येत असेल तर फायली काढून झाल्यावर एसएसडीवर क्लोन (सगळ्या डिस्कची हुबेहूब नक्कल) करून घ्या, म्हणजे सॉफ्टवेअर पुन्हा टाकायला नको. मग इंटरनेट तोडायचं, फक्त डीटीपी. मेल, बँक, यूपीआय मोबाइलवर. पेनड्राइव्ह मात्र स्कॅन करूनच लावा. नव्याचा विचार सावकाश, दिवाळीनंतर.
बिजागरीत प्लास्टिकमधली पितळी नटं उखडलेली असतात. स्क्रीन कोपऱ्याला धरून उघडली की असंच होतं, मधोमध धरा.

डीटीपीवाली
अपडेट: पिवळं कॉशनच आलं! फायली निघाल्या, एक सोडून. ती नेमकी परवाच्या बारशाची. नशीब, प्रूफ गिऱ्हाइकाच्या व्हॉट्सॲपवर होतं, बघून पुन्हा टाइप केली. दुसऱ्या दुकानात एसएसडी आणि क्लोन मिळून 4,200 गेले. टचपॅड सपाट आहे, बॅटरी तशीच ठेवलीय. आता चहाला उकळी येण्याआधी पेजमेकर उघडतं. पहिल्या दुकानदाराला विचारलं, मदरबोर्डचं काय झालं? म्हणाला, "अंदाज होता."
पाट अजून मागेच आहे.