मदत हवी आहे: झेडएक्स८१ कॉम्प्युटर किट, टीव्हीवर नुसता पांढरा पडदा, 'के' कर्सर काही येत नाही

नमस्कार मंडळी, जुन्या मशीनवर हात बसलेलं कोणी असेल तर प्लीज वाचा.

काका १९८१ मधे इंग्लंडला नोकरीला होते, तेव्हा त्यांनी सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स८१ हा छोटा घरगुती कॉम्प्युटर घेतला, तयार मशीन ६९.९५ पौंड आणि किट घेऊन स्वतः सोल्डर केलं तर ४९.९५, म्हणून किट. रोज कामावरून आल्यावर थोडं थोडं करत जोडला म्हणे. नंतर तो पुण्याला आला आणि माळ्यावर गेला तो यंदा दिवाळीच्या साफसफाईतच खाली उतरला. कडेला इअर, माइक आणि ९ व्होल्ट अशी तीन अगदी सारखीच भोकं आहेत, त्यातल्या पॉवरच्या भोकाभोवती काकांनी लाल टेप गुंडाळलाय, तो अजून तसाच चिकटून आहे.

आत्तापर्यंत काय केलं ते सांगतो. दोन-तीन कपॅसिटर बदलले, ७८०५ च्या (व्होल्टेज रेग्युलेटर) पुढे ५.०३ व्होल्ट मिळतायत, झेड८० प्रोसेसरच्या ११ नंबर पिनवरही तेवढेच. चिपा सॉकेटमधे आहेत, सगळ्या काढून पाय साफ करून परत बसवल्या, रॉमचे पाय पार काळे पडले होते. झेड८० दुसरा लावून बघितला, काही फरक नाही. लॉजिक प्रोबने २७ नंबर पिनवर (एमवन) पल्स दिसतात, म्हणजे प्रोसेसर काहीतरी करतोय. कीबोर्डची पट्टी वयामुळे कडक झाली होती, काढतानाच पाच तारांचं शेपूट तुटलं, फार वाईट वाटलं, पण कीबोर्ड नसला तरी खाली डाव्या कोपऱ्यात काळ्या चौकोनात 'के' यायला पाहिजे ना?

जुन्या डबा टीव्हीवर चॅनेल ३६ लावला की मुंग्या थांबतात आणि पडदा पांढरा होतो, हलत नाही, लोळत नाही, पण 'के' नाही. माझा संशय रॅमवर आहे. यात २११४ च्या दोन चिपा आहेत, प्रत्येक चिप बाइटचे चार-चार बिट सांभाळते, दोन्ही मिळून १ किलोबाइट. पाच मिनिटांनी बोट लावलं तर एक कोमट आणि दुसरी चटका बसेल इतकी गरम. यूएलए (चित्राचा सिग्नल वगैरे बनवणारी खास चिप) पण तापतो, पण तो तापतोच असं वाचलंय.

तर विचारायचंय असं की एकच २११४ इतकी तापते म्हणजे ती गेलीच समजायची का, की यूएलएकडून काही चुकीचं येत असेल तरी असं होतं? नवीन २११४ मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतायत, त्यावर ४५० एनएस (नॅनोसेकंद) आहे, तो स्पीड चालेल का? आणि यूएलएवर २सी१८४ई लिहिलंय, म्हणजे बॅक पोर्च (सिग्नलमधला काळ्या रंगाची पातळी सांगणारा छोटा भाग) नसलेला, त्यामुळे एलसीडी टीव्हीवर चित्र काळपट येतं, तर १६ नंबर पिनवरून ट्रान्झिस्टर लावून कॉम्पोझिट (टीव्हीच्या व्हिडिओ-इनला थेट जाणारा सिग्नल) काढताना बॅक पोर्चचं सर्किट पण लागेलच ना? मॉड्युलेटरचा (सिग्नल टीव्ही चॅनेलवर नेणारा) डबा न कापता कोणी केलं असेल तर फोटो टाका, काकांच्या सोल्डरिंगला मला शक्यतो हात लावायचा नाहीये.

अपडेट: आत्ता दोन्ही २११४ ची अदलाबदल करून बघितली, गरम व्हायची ती दुसऱ्या सॉकेटमधेही गरमच होते, म्हणजे दोष चिपेतच दिसतोय. शनिवारी मुंबईला जातोय, त्याआधी स्पीडचं तेवढं कोणीतरी सांगा.