सफाई निविदेत एल१ चा (सर्वांत कमी बोलीचा) दर किमान वेतनातच बसत नाही, हरकत कशी घ्यावी?

विचारणा: परिमंडळ_दोन

शासकीय इमारतीच्या रोजच्या सफाईची ई-निविदा आहे, दोन लिफाफा पद्धत (तांत्रिक आणि वित्तीय वेगळे). ४० सफाई कामगार, ४ मुकादम, इमारत महिन्याचे सगळे दिवस चालू. फिनेल, हायपोक्लोराइट, मॉप, स्क्रबर यंत्र सगळं कंत्राटदाराचं. वित्तीय लिफाफा उघडला तर एल१ अंदाजपत्रकाच्या २४ टक्के बिलो. एल२ आणि एल३ मात्र एकमेकांच्या अगदी जवळ. एल१ च्या रकमेला ४४ ने भागलं तर कामगाराच्या हातात किमान वेतन पडेल असं दिसत नाही. कार्यादेश अजून निघालेला नाही. हरकत कोणत्या मुद्द्यावर घ्यायची? आणि एल१ बाद झाला तर काम एल२ ला जातं की फेरनिविदा निघते?

उत्तर: दरपृथक्करण

हरकतीत ‘२४ टक्के बिलो’ हा मुद्दा पहिला घेऊ नका. नुसता कमी दर हे निविदा बाद करण्याचं कारण होत नाही. केंद्राच्या खरेदी नियमपुस्तिकेत असाधारण कमी दराची तरतूद आहे, पण अमुक टक्क्यांखाली आपोआप बाद अशी रेघ नाही. तशी रेघ ओढू नये असंच त्यात म्हटलं आहे. आधी लेखी खुलासा आणि दर विश्लेषण मागवायचं, आणि एवढ्या पैशात काम निभेल हे निविदाकाराला पटवून देता आलं नाही तरच त्याला बाद करायचं, असा क्रम आहे. म्हणून अर्जात ‘बाद करा’ ऐवजी ‘कार्यादेशापूर्वी एल१ कडून घटकवार दर विश्लेषण मागवा’ अशी मागणी करा. ती धुडकावणं कार्यालयाला जड जातं.

सोबत तुमचा तक्ता जोडा. मूळ वेतन आणि विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा) मिळून १०० रुपये धरा. भविष्य निर्वाह निधीचे मालकाचे १३ (१२ वर्गणी, ०.५ ईडीएलआय म्हणजे निधीशी जोडलेला विमा, ०.५ प्रशासकीय खर्च), कर्मचारी राज्य विम्याचे ३.२५, बोनसचे ८.३३. झाले १२४.५८. पण हे २६ दिवसांच्या कामाचे. जागा ३० दिवस भरायची तर साप्ताहिक सुट्टीला बदली माणूस लागतो, म्हणून ३०/२६ ने गुणा: १४३.७५. यात गणवेश, साहित्य, भरपगारी रजा आणि सेवाशुल्क (कंत्राटदाराचा मोबदला) यांचा एक पैसाही नाही. एल१ चा दर माणशी, १०० रुपये वेतनामागे, या १४३.७५ च्या खाली जात असेल तर तुमच्याकडे मुद्दा आहे.

एक सापळा मात्र सांभाळा. वेतन १५,००० च्या वर असेल तर भविष्य निर्वाह निधी १५,००० वरच भरणं कायदेशीर आहे, म्हणजे मालकाचा खर्च जास्तीत जास्त १,९५० रुपये. तुम्ही पूर्ण वेतनावर १३ टक्के धरून एल१ ला खोटं ठरवायला गेलात तर तो हे एकच वाक्य लिहून सुटेल, आणि मग तुमचे बाकीचे मुद्दे कुणी वाचणार नाही.

कोणता दर धरला तेही तपासा. राज्याच्या अनुसूचीत विशेष भत्ता १ जानेवारी आणि १ जुलैला बदलतो, केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांत १ एप्रिल आणि १ ऑक्टोबरला. परिमंडळ (वेतनदर ज्यावर ठरतो तो भाग) चुकलं तर सगळा तक्ता चुकतो. निविदेत ‘प्रचलित किमान वेतन’ एवढंच लिहिलं असेल आणि कोणत्या तारखेचं ते नसेल, तर निम्मं भांडण तिथेच सुरू होतं.

उत्तर: मॉप_आणि_बादली

वरचा हिशोब बरोबर आहे, पण मुरलेला निविदाकार वेतनाच्या ओळीला हातच लावत नाही. ती ओळ तो काटेकोर भरतो आणि पैसे दुसरीकडून काढतो. साहित्याची ओळ बघा. महिन्याच्या साहित्याला १ रुपया, यंत्राला शून्य, खाली टीप ‘यंत्रे स्वतःची उपलब्ध’. बदली कामगाराची ओळच नाही.

त्याच्याकडून साहित्याचा हिशोब रुपयांत नको, लिटरमध्ये मागायला कार्यालयाला लावा. लादी पुसायला रोज १०० लिटर द्रावण लागत असेल आणि डब्यावर १ लिटरला १०० लिटर पाणी असं प्रमाण असेल, तर महिन्याला ३० लिटर रसायन आलंच पाहिजे. हायपोक्लोराइटचंही तसंच: ५ टक्के तीव्रतेच्या १ लिटरमध्ये ४ लिटर पाणी घातलं की १ टक्का होतं. कॅन उघडा राहिला, उन्हात राहिला की तीव्रता उतरते, म्हणून तीन महिन्यांचा साठा एकदम आणून ठेवणं हेही उत्तर नव्हे. हे आकडे एल१ ला लिहून द्यावे लागले की १ रुपयाची ओळ टिकत नाही.

असं कंत्राट गळ्यात पडलं तर काय होतं ते सरळ आहे. पहिल्या महिन्यात फिनेलचा वास येतो, दुसऱ्यात नुसतं पाणी. संडास आणि जिना एकाच मॉपने पुसले जातात, कारण वेगवेगळ्या रंगांचे मॉप आणलेलेच नसतात. हजेरीपटावर ४० सह्या, जागेवर ३२ माणसं. आणि सगळ्यात वाईट: वेतन बँकेत पूर्ण जमा होतं, पण एटीएम कार्ड मुकादमाच्या खिशात असतं. कागद स्वच्छ, कामगाराच्या हातात कमी. हे दर विश्लेषणात पकडता येत नाही, म्हणून अडवायचं तर कार्यादेशाआधीच.

उत्तर: लेखा_शाखा

कार्यालयाला जागं करणारा मुद्दा वेगळा आहे: मूळ मालकाची, म्हणजे काम देणाऱ्या कार्यालयाची, जबाबदारी. कंत्राटदाराने वेतन बुडवलं तर ते मूळ मालकाने द्यायचं, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याच्या कलम २१(४) मध्ये होतं आणि नव्या कामगार संहितेतही आहे. अर्जात हे एक वाक्य जरूर घाला. स्वस्तात मिळालेल्या कामाचं वेतन दुसऱ्यांदा मोजावं लागेल हे दिसलं की फाइल आस्थापना शाखेकडून लेखा शाखेकडे येते.

सेवाशुल्काबद्दल. शून्य सेवाशुल्काची निविदा प्रतिसादहीन (विचारात न घेण्याजोगी) मानावी असं केंद्रीय खर्च विभागाचं २८ जानेवारी २०१४ चं ज्ञापन आहे. त्यावर लोकांनी ०.०१ टक्का टाकायला सुरुवात केली. जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरच्या मनुष्यबळ निविदांत आता ३.८५ टक्के किमान सेवाशुल्क दिसतं ते याच भांडणांमुळे. पण सगळेच तोच आकडा टाकतात आणि बरोबरी होते. त्याहून कमी सेवाशुल्क का परवडत नाही ते बघा. कंपनीच्या देयकातून आयकराचा टीडीएस २ टक्के आणि जीएसटीचा टीडीएस २ टक्के कापला जातो. हे पैसे पुढे मिळतात, पण तोवर अडकतात. देयक दोन महिने रखडलं तरी वेतन ७ तारखेच्या आत द्यायचं आणि निधी व विम्याचं चलन १५ तारखेपर्यंत भरायचं असतं. १ टक्का सेवाशुल्कात नुसतं व्याजही सुटत नाही.

परिमंडळ_दोन: निधीची मर्यादा धरून तक्ता पुन्हा केला, तरी एल१ खालीच येतो. साहित्य सरसकट रकमेत दाखवलंय. एल२ चा प्रश्न राहिला.

उत्तर: दरपृथक्करण

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. एल१ ने स्वतः माघार घेतली तर केंद्रीय दक्षता आयोगाच्या ३ मार्च २००७ च्या परिपत्रकानुसार फेरनिविदा, एल२ ला काम नाही. पण मूल्यमापनातच खुलासा असमाधानकारक ठरवून त्याची निविदा बाद झाली, तर उरलेल्या वैध निविदांतला सर्वांत कमी दर हाच एल१. म्हणून बाद करण्याचं कारण समितीच्या इतिवृत्तात सकारण, आकड्यांसह यायला हवं. ‘दर अव्यवहार्य’ एवढ्या दोन शब्दांवर बाद केलं तर एल१ न्यायालयात जाईल आणि तुमचंच काम अडकेल.

तुम्हाला स्वतःला न्यायालयात जायचं असेल तर मर्यादा लक्षात ठेवा. टाटा सेल्युलर (१९९४) आणि जगदीश मंडल (२००७) या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांनंतर न्यायालय दर योग्य की अयोग्य यात सहसा शिरत नाही. प्रक्रिया मनमानी होती का, एवढंच बघतं. तुम्ही लेखी मागणी केली, पोच घेतली आणि तरी दर विश्लेषण न मागवता कार्यादेश निघाला, हा प्रक्रियेचा मुद्दा होतो. त्यामुळे अर्ज आजच द्या, पोर्टलवर आणि आवक शाखेत दोन्हीकडे. आणि तुलनात्मक तक्त्यात जीएसटी सगळ्यांचा सारखा धरलाय का ते पाहा. स्वच्छता सेवा करमुक्त समजून एकाने शून्य आणि दुसऱ्याने १८ टक्के लावले असतील तर तुमच्या २४ टक्क्यांतला मोठा वाटा तिथेच सापडेल.