मदत हवी आहे : मुलगी बोलते, पण भाषा जमत नाही (बेळगाव-खानापूर भाग)

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूर तालुक्यातल्या एका गावात राहतो. घरात मराठी, शेजारी कन्नड, शाळा मराठी माध्यमाची आणि तिथे कन्नडही आहेच. (सीमाप्रश्न कृपया इथे काढू नका, त्याला दुसरे धागे आहेत.)

मुलगी साडेसहा वर्षांची, पहिलीत. मुकी नाही, तोतरी नाही. कानांची तपासणी झाली, ऐकू स्वच्छ येतं. लगोरीत कुणाला हार जात नाही. पण "काल शाळेत काय झालं गं?" विचारलं की "पोरगी... ते... मी पडलं... बाई" एवढ्यावर गाडी थांबते. कुणी ढकललं, कोण रडलं, ते आपण जुळवून घ्यायचं. तांब्याला अजून "ते पाणी घालायचं" म्हणते. "दप्तर ठेव, हातपाय धू आणि आजीला हाक मार" म्हटलं तर दप्तरासकट थेट आजीकडे. शाळेतल्या बाईंच्या मते ती आगाऊ आहे.

तीन वर्षांची होती तेव्हापासून ऐकतेय, "बोलेल की, तिचा बाबाही उशिराच बोलला." सासूबाईंनी वेखंड उगाळून जिभेला लावलं, पोपटाने टोचलेला पेरूसुद्धा मिळवला. एका डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल दिला : दोन भाषांचा गोंधळ आहे, कन्नड बंद करा. मग वर्षभर शेजारच्या अक्कांकडे तिचं जाणं बंद केलं. मैत्रीण तुटली आणि मराठी होती तिथेच राहिली.

आता एका स्पीच थेरपिस्टनी नाव सांगितलं, डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर. म्हणाल्या, दोन भाषांमुळे हे होत नाही; असलं तर दोन्ही भाषांत दिसतं. अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "कन्नडातही ती अशीच अडते, मला वाटलं मराठी पोर म्हणून." म्हणजे आम्ही कन्नडला बोल लावत होतो आणि त्या मराठीला!

आता अडचण अशी. मराठीतून थेरपी हवी म्हणून पुण्याच्या एका ताईंकडे ऑनलाइन सुरू केलं. त्यांनी "मी गेलो", "मी जेवलो" या तिच्या चुका धरल्या. अहो, आमच्याकडे बायका तसंच बोलतात, मीही बोलतो! इथलं मराठी आणि कन्नड दोन्ही कळणारं कुणी बेळगाव, निपाणी किंवा कोल्हापूरकडे आहे का?

दुसरं, मुख्याध्यापिका बाईंनी ऑक्टोबरच्या पालक सभेत दहा मिनिटं दिलीत. याला मराठीत म्हणायचं काय? "विकार" शब्द काढला की सासूबाई पदर डोळ्याला लावतात.

प्रतिसाद : वाचाघर
ताई, मी कोल्हापुरात याच कामात आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. "मी गेलो" ही चूक नाही, ती बोली आहे. तुमच्या थेरपिस्टना तुमचं आणि आजींचं घरातलं बोलणं रेकॉर्ड करून ऐकवा. तुमच्याकडे मोठी माणसं जसं बोलतात, तो तिचा मापदंड. "मी पडलं" घरात कुणीच म्हणत नसेल, तर मात्र त्याची नोंद करायची.

अक्कांकडे जाणं पुन्हा सुरू करा, आजच.

नावाचं म्हणाल तर इंग्रजीतही एकमत २०१६-१७ मध्ये झालं, त्याआधी तिकडेही दहा नावं होती. इंग्लंडमधल्या पाहणीत शाळकरी मुलांत हे प्रमाण साधारण ७ टक्के निघालं, म्हणजे ३० च्या वर्गात दोन मुलं. सभेत नाव सांगण्याआधी दप्तराचा किस्सा सांगा. आणि हे आईबापाच्या वागण्याने होत नाही, हेही बोला, समोरच्या आया तेच ऐकायला थांबलेल्या असतात. बाईंना एवढीच विनंती करा : एका वेळी एकच सूचना, आणि उत्तराला थोडा वेळ.

प्रतिसाद : निपाणीकर
शाळेत सरकारी आरोग्य पथक येतं ना, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं? दात, डोळे, रक्त बघून जातात. त्यांच्या यादीत बोलण्या-भाषेतला उशीरही आहे, पण कुणी बोलून दाखवलं तरच तिकडे लक्ष जातं. तपासणी कन्नडात करून घ्यायची असेल तर मैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे, केंद्र सरकारची. रात्रभराचा प्रवास आहे, पण पुतण्याला नेलं होतं, नीट वेळ देऊन बघतात. जुने रिपोर्ट सगळे न्या.

धागाकर्ती
दोघांचे आभार. काल अक्कांकडे पाठवलं, दोन तास परतच आली नाही.

सभेसाठी कागदावर असं लिहिलंय : "मूल बोलतं, पण वाक्य जुळत नाही, साधे शब्द सापडत नाहीत, सांगितलेलं अर्धंच कळतं? कान तपासा. दोन्ही भाषांत तसंच आहे का, बघा. भाषा बंद करू नका." नाव खाली बारीक अक्षरात, "भाषा जुळण्यातली अडचण". सासूबाईंनी वाचलं, रडल्या नाहीत. "पेरूचं लिहू नको तेवढं" म्हणाल्या.

अंगणवाडीत लावायचा तर हाच मजकूर कन्नडातही हवा. अक्का बोलतात छान, पण लिहायला कचरतात. इथे कुणी लिहून देईल का?