दारू सोडवायला ऑनलाइन सीबीटी : उपचार की पळवाट?

पावसाळी
थेट मुद्द्यावर येतो. दारूचा त्रास सुरू झालाय, पण नोकरी-संसार अजून जागेवर आहे, अशा माणसाला आधी ऑनलाइन सीबीटी द्यावी. व्यसनमुक्ती केंद्राचं नाव नंतर. सीबीटी म्हणजे पिण्याआधी डोक्यात काय शिजतं ते पकडायचं आणि त्या वेळी दुसरं काही करायचा सराव ठेवायचा.

अमेरिकेत येल विद्यापीठात कॅथलीन कॅरल यांनी याचा संगणकावरचा कार्यक्रम तयार केला. त्यातला 'सहज घेतलेले निर्णय' हा भाग मला फार पटला. शुक्रवारी एटीएममधून उगाच दोन हजार जास्त काढायचे, घरी जाताना बारवरून जाणारा रस्ता धरायचा, ज्याच्याकडे हमखास बाटली असते नेमका त्यालाच फोन लावायचा. मग म्हणायचं, 'अचानक बसणं झालं.' अचानक कसलं? दुपारी चारपासून तयारी चाललेली असते. हे लिहून काढलं की स्वतःलाच दिसतं, त्यासाठी समोर कुणी बसलेलं लागत नाही.

स्टॉकहोमला ३०१ जणांवर चाचणी झाली, निकाल २०२१ मध्ये आला. सहा महिन्यांनी इंटरनेटवर उपचार घेतलेले लोक समोरासमोर घेतलेल्यांच्या मागे पडलेले नव्हते. आपल्याकडे २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दारूच्या आजारात १०० पैकी सुमारे ८६ जणांपर्यंत उपचार पोचतच नाहीत. एवढ्यांना पुरतील इतके समुपदेशक आणणार कुठून?

खडूस_काका
पिणाऱ्याच्या हातात मोबाइल द्यायचा आणि सांगायचं, किती प्यालास ते तुझं तूच लिही. वा! पिणारा बायकोला फसवतो, साहेबाला फसवतो, डॉक्टरसमोर 'फक्त नाइन्टी' म्हणतो. तो मोबाइलपुढे हरिश्चंद्र होणार?

माझी दारू सुटली ती माणसांमुळे. एए, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या मीटिंगमध्ये मी बढाया मारायला लागलो की समोरचा हसायचा, कारण त्याने त्याच बढाया माझ्याआधी मारलेल्या. स्क्रीन हसत नाही. पुण्यात अवचट दांपत्याने १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, ते माणसाला माणसांत आणण्यासाठी. खोलीत एकटा बसून पिणाऱ्याला तुम्ही पुन्हा खोलीत एकटाच बसवताय.

पावसाळी
काका, मीटिंगला जाणारे सुटतात, मान्य. जे लाजेपायी जातच नाहीत त्यांचं काय? गल्लीतलं कुणी बघेल म्हणून माणूस दुसऱ्या गावात दात काढायलासुद्धा जातो, तो मीटिंगला येणार? आणि खोटं म्हणाल, तर माणूस खोटं बोलतो ते समोरच्याला तोंड दाखवायचं असतं म्हणून. वहीत आकडा लपवून कुणाचा फायदा?

मानसडॉक
दोघंही वेगवेगळ्या पेशंटबद्दल भांडताय. जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' नावाची दहा प्रश्नांची चाचणी आहे. त्यात वीस किंवा जास्त गुण आले, तर पूर्ण व्यसन जडल्याची शंका घ्यायची आणि नीट तपासायचं. सकाळी घेतल्याशिवाय हात थरथरायचे थांबत नाहीत, अशा माणसाने अॅप बघून एका रात्रीत बंद केली, तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. त्यानंतर भ्रम, घाम, ताप, म्हणजे डिलिरियम ट्रेमेन्स. त्यात जीव जातो. तिथे आधी औषधं, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) आणि लागलं तर भरती. सीबीटी त्यानंतर.

पावसाळी, तुमची स्टॉकहोमची चाचणीही पूर्ण सांगा. तिथे इंटरनेटचा उपचार नेहमीच्या उपचाराला जोड म्हणून दिला होता. नुसतं अॅप आणि पेशंट असा तो प्रकार नव्हता.

माझं मत विचाराल, तर आपल्याला जवळचा धडा गोव्याचा आहे. 'संगाथ' संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर काम केलं, 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०१७ ला छापून आलं. ऑडिटमध्ये १२ ते १९ गुण असलेले, म्हणजे घातक पिणारे पण पूर्ण अडकलेले नाहीत असे. समुपदेशक कोण? मानसोपचाराचं शिक्षण नसलेली, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं. जास्तीत जास्त चार भेटी. तीन महिन्यांनी पिणं धोक्याच्या रेषेखाली आलेले ३६ टक्के, नेहमीच्या उपचारात २६ टक्के.

मीच_ती
डॉक्टर, त्याच अभ्यासातलं पुढचं मी सांगते. बायकोला होणाऱ्या मारहाणीवर त्या उपचाराचा परिणाम दिसला नाही. कामाचे बुडालेले दिवसही कमी झाले नाहीत. तुमच्या यशाच्या व्याख्येत घरातली बाई कुठे आहे?

आमच्याकडे हे ऑनलाइन प्रकरण चाललं तेव्हा नवरा दार लावून तासभर बसायचा आणि बाहेर आला की 'मी उपचार घेतोय' हे त्याचं नवं शस्त्र. काही विचारलं की 'थेरपीत सांगितलंय, मला दडपण देऊ नका.' थेरपीत खरंच काय सांगितलं ते मला कळायची सोय नव्हती. केंद्रात निदान घरच्यांना बोलावतात, त्यांचंही ऐकून घेतात.

पण बायकाही पितात. त्यांना केंद्रात जायची सोय त्याहून कमी आणि बदनामी दुप्पट. त्यांच्यासाठी फोनवरचं काही असेल तर मी विरोध करणार नाही.

सांगलीकर
हे सगळं मराठीत आहे कुठे? 'तुमच्या कॉकटेलचे युनिट मोजा' असं विचारलं तर आमच्या उसाच्या फडातला माणूस काय मोजणार, देशीची क्वार्टर? आणि त्याचे ट्रिगर, म्हणजे प्यायची ओढ लावणारे प्रसंग, वेगळे. मुकादम उचल देतो तेव्हा, यात्रेत, बैल विकला तेव्हा, मयतीहून परतताना.

पावसाळी
हा मुद्दा बिनतोड आहे. पण त्याचा अर्थ मराठीत करा असा होतो, करूच नका असा नाही. मीच_ती, तुमचंही बरोबर : घरच्यांसाठी वेगळा भाग हवा, आणि मारहाण असेल तर तो विषय थेरपीच्या भरवशावर सोडू नये. तरी माझं म्हणणं कायम आहे. ऑडिटला चौदा गुण पडलेल्याला आज काहीच मिळत नाही. त्याची दारू केंद्रात न्यायच्या लायकीची होईपर्यंत आपण वाट बघतो.

खडूस_काका
ठीक. चौदावाल्याला द्या मोबाइल. पण आठवड्यातून एकदा त्याला जिवंत माणसाचा फोन जाऊ दे, 'काय रे, किती झाली?' विचारणारा. त्याशिवाय मी सही करणार नाही.

नवा_सभासद
माझा मोठा भाऊ सकाळी उठल्या उठल्या घेतो. सोमवारपासून बंद करतो म्हणालाय. त्याला यातलं कुठलं अॅप देऊ?

मानसडॉक
कुठलंच नको. सोमवारची वाट बघू नका आणि त्याला एकट्याने एकदम बंदही करू देऊ नका. आधी सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात घेऊन जा, किती पितो आणि शेवटची कधी घेतली ते तिथे खरं सांगा. रात्री-अपरात्री काही विचारायचं झालं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ चालू असतो. पण फिट आली किंवा असंबद्ध बोलायला लागला, तर फोनवर वेळ घालवू नका, थेट कॅज्युअल्टीत न्या.